चादर धरायला कुणीतरी हवं

आई-बाबांनो, आजोबांचं धुतलेलं धोतर दोरीवरून गायब झालं असेल, तर चोराला शिव्या घालण्याआधी पोराच्या कोपऱ्यात एकदा डोकावून या. बांबूच्या चार कामट्यांच्या चौकटीवर ते ताणून बांधलेलं असेल आणि मागं दोन बल्ब लोंबत असतील. शेजारी फ्रिजच्या खोक्यातून निघालेला थर्माकोल, आतून चंदेरी कागद चिकटवलेली काळी छत्री, गोडेतेलाचा १५ किलोचा रिकामा डबा आणि अर्धवट सोललेली वायर. आकाशकंदील म्हणावा तर दिवाळी लांब आहे. विचारलंत तर उत्तर येईल, "लाइट बनवतोय, फोटोसाठी." आणि तुमचं पुढचं वाक्य ठरलेलं आहे, कारण ते आपल्या प्रत्येकाच्या घरात तयारच असतं: बारावीचं वर्ष आहे, ध्यानात ठेव.

ते वाक्य जरा थांबवा. आपल्या बीड जिल्ह्यातल्या कड्यातली, आष्टीतली, आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची अशी पोरं-पोरी आता बरीच दिसतात. अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळाच्या शाळा-कॉलेजात जातात, घरी आली की मोबाइल घेऊन कुणाच्या तरी तोंडावर उजेड पाडत बसतात. त्यांच्याबद्दल, आणि खरं तर तुमच्याबद्दल, थोडं बोलायचं आहे.

आधी ते करतात काय, ते बघू. मोबाइलचा कॅमेरा आता वाईट राहिलेला नाही. तरी रात्री घरात काढलेला कुणाचाही फोटो बघा. डोळ्यांखाली खड्डे, नाकाखाली काळी सावली, कपाळावर पांढरा डाग. चेहरा तसा नाही आणि कॅमेराही तसा नाही. डोक्यावर लटकणाऱ्या एकुलत्या एक बल्बाची ती करणी आहे. मे महिन्यातल्या दुपारी एसटीच्या थांब्यावर उभ्या माणसाचा चेहरा आठवा, आणि आभाळ भरून आलेल्या दिवशी त्याच माणसाचा चेहरा आठवा. दुसऱ्या दिवशी सावल्या कुठं सुरू होतात नि कुठं संपतात ते सांगता येत नाही. सूर्य केवढाही असो, आपल्याला तो दिसतो टिकलीएवढा, म्हणून त्याची सावली करकरीत. ढग आले की सगळं आभाळच दिवा होतं. उजेड जितक्या मोठ्या जागेवरून येईल, तितकी सावलीची कड विरघळते. पोरानं ९ वॉटच्या बल्बांपुढं धोतर ताणून तीन फुटांचं आभाळ केलंय, एवढाच त्या पसाऱ्याचा अर्थ.

पण हे आभाळ जवळ हवं. तीन फुटांची चौकट तीन-चार फुटांवर असेल तर चेहऱ्याला ती मोठी. तीच वीस फूट मागं नेली की पुन्हा टिकली. शिवाय अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. पुस्तकात हे 'अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात' असं छापलेलं असतं आणि पोरं ते परीक्षेपुरतं पाठ करतात. धोतर मागंपुढं सरकवणाऱ्या पोराला ते पाठ करावं लागत नाही.

दुकानात ह्याच वस्तूला सॉफ्टबॉक्स म्हणतात. बाहेरून काळं कापड, आतून चंदेरी, तोंडाला पांढरा पडदा. स्टँडसकट जोडी घ्यायची तर काही हजार रुपये. वाईट वस्तू नाही. पण चेहऱ्यावर पडणाऱ्या उजेडाला पडदा कुठल्या कंपनीचा ते कळत नसतं, आणि विकत आणलेल्या डब्यात उजेड का मऊ होतो हे पोराला कळायचं राहून जातं.

हे काही यूट्यूबनं काढलेलं नवं खूळ नाही. फाळक्यांवरचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा सिनेमा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. तो घरात घडला होता, अगदी शब्दशः घरात. परदेशातून आलेल्या कच्च्या फिल्मला कडेची भोकंसुद्धा नसत. ती रात्री अंधारात बसून सरस्वतीबाई फाळके पाडत. चित्रण दिवसा, उन्हात. ऊन एका बाजूनं आलं की चेहऱ्याची दुसरी बाजू काळी पडते. तिथं उजेड परतवायला पांढरी चादर धरावी लागते. सरस्वतीबाई अशा चादरी धरून तासन्‌तास उन्हात उभ्या राहत, असं सांगतात. सारा डोलारा सांभाळून, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक उरकून. फाळक्यांचं नाव शाळेतलं कुठलंही पोर सांगेल. चादर धरणारीचं विचारून बघा.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर तर आडनावानं मेस्त्री. नाटकाचे पडदे रंगवायचे. त्यांना सिनेमा काढायचा होता आणि कॅमेरा परवडत नव्हता, म्हणून त्यांनी तो बनवायला घेतला. बरोबरचे चुलतभाऊ आनंदराव १९१६ मध्ये वारले, तेव्हा काम अर्धवट होतं. मग विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये त्यांनी कॅमेरा पुरा केला आणि त्याच घरगुती कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' झाला, १९२० साली. पुढं १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी पेंटरांनी कृत्रिम दिवे वापरले, तेही आपल्याकडं सगळे उन्हावर विसंबून होते तेव्हा.

बंगालमधलं एक उदाहरण मला ह्या सगळ्यांत धोतराच्या सर्वांत जवळचं वाटतं. सत्यजित रायांच्या 'अपराजितो'साठी, १९५६ मध्ये, काशीच्या घराचं अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभं केलं होतं. खऱ्या अंगणात वरून आभाळाचा उजेड येतो, त्याला ठळक सावली नसते. स्टुडिओतले मोठे दिवे सरळ रोखले तर प्रत्येक माणसाच्या चार-चार सावल्या पडणार. छायाचित्रकार सुब्रत मित्र तेव्हा पंचविशी-सव्विशीतले. त्यांनी सेटवर पांढरं कापड ताणलं, दिवे त्या कापडावर मारले आणि परतून येणारा उजेड तेवढा अंगणात पडू दिला. आज जगभरच्या सिनेमावाल्यांना हे नेहमीचं वाटतं. आपल्या शूटिंगवर अजूनही थर्माकोलचा तक्ता धरून उभा राहणारा माणूस असतोच.

पेंटरांना दामले होते, फाळक्यांना सरस्वतीबाई. तुमच्या पोराला कोण आहे? थर्माकोलचा तक्ता वाऱ्यात एकट्यानं धरायचा, त्याच वेळी मोबाइलमध्ये बघायचं आणि समोरच्याला "मान थोडी डावीकडं" असंही सांगायचं, हे दोन हातांत होत नाही. दुकानातल्या स्टँडसाठी पैसे मागतो ते त्यामुळंच. तुम्ही अर्धा तास दिलात तर ते पैसे वाचतात, आणि अर्धा तास पोरगं तुमच्याशी बोलतं. बारावीच्या वर्षात हे दुसरं जास्त दुर्मिळ.

सुरुवात विजेशिवाय करा, असं त्याला सांगा. आपल्याकडं उन्हाला तोटा नाही. तेवढीच एक गोष्ट आभाळ कधी हात आखडून देत नाही. वीज नव्हती तेव्हा फोटो-स्टुडिओच्या छपराला उत्तरेकडून काच बसवायचे आणि खाली पांढरे पडदे सरकवून उजेड कमी-जास्त करायचे. आपल्या पत्र्याच्या घरात उजेडासाठी एखादा फायबरचा पारदर्शक पत्रा टाकलेला असतो. त्याच्याखाली धोतर आडवं बांधलं की तोच स्टुडिओ झाला. तेही नसेल तर ओसरीकडं उघडणारं दार. माणसाला उंबऱ्याच्या आत दोन-तीन फुटांवर बसवायचं, तोंड दाराकडं पण सरळ नाही, थोडं तिरकं. दाराकडचा गाल उजळतो, दुसरा अंधारात जातो. त्या अंधाऱ्या बाजूला थर्माकोल घेऊन तुम्ही.

धरायचा कसा, तेही सांगतो, म्हणजे पोरगं ओरडणार नाही. तक्त्याकडं बघू नका, समोरच्या चेहऱ्याकडं बघा. तक्ता हळूहळू फिरवा. एका ठिकाणी अंधारातला गाल एकदम जागा होतो. तिथं थांबा. फार जवळ नेलात तर दोन्ही गाल सारखे होतील आणि चेहरा सपाट दिसेल, मग जरा मागं या. खालून उजेड टाकू नका, त्यानं माणूस भुतासारखा दिसतो. डोळ्यांत पांढरी चमक दिसतेय का बघा. ती नसेल तर उजेड फार वरून येतोय आणि फोटोतले डोळे मेल्यासारखे दिसणार. मोबाइल तोंडाशी नेला की नाक मोठं होतं. चार-पाच पावलं मागं जाऊन थोडं झूम केलेलं बरं. एवढं कळलं की तुम्ही पोराच्या चार पावलं पुढं आहात.

आता विजेचं. इथं मात्र मी तुमच्या बाजूनं बोलणार आहे, कारण घरगुती लाइटमध्ये भीती बाळगायची तर ती ह्याच ठिकाणी. शेतातल्या मोटारीचा स्टार्टर ओल्या हातानं चालवून चालवून आपल्याला विजेची भीड चेपलेली असते, आणि पोरं तेच बघून मोठी होतात. २३० व्होल्टला फोटोची हौस कळत नाही.

तेलाचा डबा पहिल्यांदा बाजूला काढा. पत्र्याच्या डब्यात होल्डर बसवायचा तर डबा अर्थ करायला हवा, म्हणजे तीन पदरी वायर, तीन पिनांचा प्लग आणि हिरवी वायर डब्याला घट्ट. पण मुद्दा पुढंच आहे. आपल्या कितीतरी घरांत बोर्डाचं तिसरं भोक नुसतं भोकच असतं, त्याच्यामागं जमिनीपर्यंत गेलेली तार नसते. गावातल्या वायरमनला एकदा बोलवून ते तपासा. मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी बसवून घ्या. तो काही फोटोपुरता नाही, उन्हाळ्यात कूलरला हात लावणाऱ्या लहानग्यासाठीही आहे. तोवर डबा पत्र्याचा नकोच. जाड पुठ्ठ्याचं खोकं किंवा लाकडी पट्टी घ्यावी, होल्डर पक्क्या स्क्रूनं बसवलेला असावा, सोललेली तार कुठंही उघडी दिसू नये, आणि वायर पायात येईल अशी जमिनीवर लोळू नये. बल्ब एलईडीचाच. तोही गरम होतो, म्हणून खोक्याला वरून-खालून हवा जायला भोकं ठेवावीत.

लग्नातल्या व्हिडिओवाल्यांकडचा जुना हॅलोजन कुणी फुकट देत असेल तर नको म्हणा. ५०० वॉटच्या त्या नळीचा ताव एवढा असतो की थर्माकोल वितळतो, कापड धुमसतं. पडदा म्हणून बटर पेपर तर लांबूनही नको. आणि जुना बिघडलेला फ्लॅश 'खोलून बघतो' म्हणून पोरानं हातात घेतला तर तो तिथंच काढून घ्या. इथं समजुतीनं वगैरे नाही. त्याच्यातला कपॅसिटर ३०० व्होल्टच्या आसपास भारलेला असतो आणि सेल काढून ठेवले तरी तो भार आत टिकून राहतो. वस्तू बंद दिसते म्हणून ती निर्धोक नसते. जुने सीएफएल बल्बही ह्या कामाला नकोत, फुटला तर आतला पारा घरात पसरतो.

मग आपल्याकडं सोपं काय? फवारणीचा बॅटरी पंप. त्याच्यात १२ व्होल्टची बॅटरी असते, बहुधा ८ अँपिअर-अवरची, आणि वर्षातले कितीतरी महिने ती नुसती पडून असते. १२ व्होल्टवर चालणारी एलईडी पट्टी रोलमध्ये मिळते. ती अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ओळीनं चिकटवायची, गुंडाळलेल्या रोलमध्येच पेटवायची नाही कारण ती तापते, समोर धोतर ताणायचं. साधारण २४ वॉटची पट्टी असेल तर बॅटरीतून दोन अँपिअर जातात; दोन-तीन तास निवांत निघतात, आणि लोडशेडिंगला कुणी विचारत नाही. १२ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर त्याच बॅटरीतून वायर पेटण्याइतका प्रवाह वाहतो. म्हणून बॅटरीच्या तोंडाशीच पाच अँपिअरचा फ्यूज, मोटारसायकलच्या दुकानात मिळतो तसा. पंप मात्र घरात आणायचा नाही. त्याला औषधाचा अंश असतो. बॅटरी बाहेरच काढायची, ओल्या फडक्यानं पुसायची, हात साबणानं धुवायचे. हे काम पोरावर न सोडता तुम्ही करा. पंप कसा हाताळायचा ते तुम्हाला जास्त कळतं.

बल्ब आणायला पाठवाल तेव्हा खोक्यावरचे आकडे वाचून आणायला सांगा. केल्विनचा आकडा २७०० किंवा ३००० असेल तर उजेड पिवळा, ६५०० असेल तर निळसर पांढरा. एकाच चौकटीत दोन्ही मिसळले की एक गाल हळदीचा, एक गाल आजारी. सगळे बल्ब एकाच आकड्याचे घ्यावेत आणि फोटो काढताना खोलीतली ट्यूब बंद. सीआरआय असाही आकडा असतो. तो ८० च्या वर जितका जाईल तितकी कातडी खरी दिसते, ९० मिळाला तर उत्तम. आणि मोबाइलच्या पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर मोबाइल बिघडलेला नाही. आपली वीज सेकंदाला ५० फेरे घेते, त्यामुळं स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा मिचमिचतो. डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की पट्टे जातात. बॅटरीवरच्या पट्टीला बहुधा हा त्रासच नसतो.

उजेडावरून रंगाकडं येऊ. हा विषय फोटोचा कमी आणि आपल्या घरांचा जास्त.

पोरीसाठी स्थळं बघायला लागलो की फोटो लागतो, आणि फोटो 'जरा उजळ' लागतो. फोटोवाल्याला आपणच सांगतो. तो संगणकावर दोन-चार बटणं दाबतो, पोरगी गोरी होते, आणि नाकाची कड, गालाचा उंचवटा, हनुवटीखालची सावली, म्हणजे जिच्यामुळं ती तीच दिसते ते सगळं पुसलं जातं. आता मोबाइल हे काम न सांगताच करतो. आपल्या उन्हात रापलेल्या, सावळ्या कातडीवर मोठ्या पडद्यातून आलेला तिरका उजेड काय करतो ते एकदा बघा. गोऱ्या कातडीवर रूप सावलीनं कळतं. सावळ्या कातडीवर ते चकाकीनं कळतं. कपाळाची, गालफडाची, नाकाच्या शेंड्याची ती मंद चकाकी मोठ्या पांढऱ्या धोतराशिवाय येत नाही. मागं चुन्याची पांढरी भिंत असली की मोबाइल भिंतीला धरून हिशेब करतो आणि चेहरा काळवंडतो. मग आपण म्हणतो पोरगी काळी आली. मागं घोंगडी टांगा. चेहऱ्यावर बोट ठेवून मोबाइलला उजेड तिथला मोजायला लावा. ब्युटीचं बटण बंद. असा फोटो एकदा निघाला की घरात त्याच्यावर बोलणं होऊ द्या. पोरगी त्यात स्वतःला ओळखते की नाही, हे तिलाच विचारा. ज्यांना तो फोटो पसंत पडणार नाही, त्यांच्या घरी तिला पाठवायची तुम्हाला तरी कुठं घाई आहे?

आणि कॅमेऱ्याच्या मागं पोरगीच असेल तर? आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा त्याच राज्यात, हैदराबादेत, राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला. तिथं फोटो काढायला बाईच होती, एक इंग्रज बाई. म्हणजे बायकांचे चेहरे बायकांनीच नीट टिपावेत ही सोय सव्वाशे वर्षांपूर्वीच लोकांना पटली होती. होमाई व्यारावाला मुंबईत जे. जे.मध्ये शिकल्या, पण त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापून आले; २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं ते स्वतःच्या नावानं. कड्यात आज कितीतरी आयाबहिणी परक्या पुरुषापुढं मोकळ्या बसत नाहीत. तुमची पोरगी समोर असेल तर बसतील. 'पोरीची जात, फोटो काढत कुठं फिरणार' म्हणण्याआधी एवढं लक्षात घ्या की तिला फार फिरायचंच नाहीये. ओसरीवर धोतर बांधायचंय.

एक शिस्त मात्र पोराला नि पोरीला सारखीच लावा. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही, आणि काढलेला फोटो त्या माणसानं हो म्हटल्याशिवाय कुठल्याही ग्रुपवर जायचा नाही. दुसऱ्याच्या घरातल्या मुलींच्या बाबतीत तर त्यांच्या आईला विचारून. ही गोष्ट यूट्यूब शिकवत नाही, ती तुमच्याकडूनच यायला हवी.

पैशाचं थोडक्यात. पोरगं कॅमेऱ्यासाठी हट्ट धरेल. कर्ज काढू नका, कांद्याची पट्टी आली म्हणूनही लगेच देऊ नका. वर्षभर धोतरावर काढलेले फोटो बघा. त्यातून हात दिसला तर मग वापरलेला कॅमेरा शोधता येतो. लग्नसराईत ह्या कामाला पैसा आहे, पण सराई संपली की नाही, हेही त्याला स्पष्ट सांगा. पुढं शिकायचं असेल तर वाटा आहेत: मुंबईत जे. जे. उपयोजित कला, पदवीनंतर पुण्यात १९६० पासूनची फिल्म इन्स्टिट्यूट, आणि अगदी जवळ नगरचं न्यू आर्ट्स महाविद्यालय, जिथल्या संज्ञापन विभागात नागराज मंजुळे शिकले. नगर–आष्टी रेल्वे २३ सप्टेंबर २०२२ ला सुरू झाली, कड्याला स्टेशन आहे. रस्ता आहे, घाई नको. आणि ह्यातलं काहीच झालं नाही, पोरगं बँकेत लागलं किंवा शेतात राहिलं, तरी वायर नीट जोडायला शिकलं हे काही वाया गेलं नाही.

राहिली एक गोष्ट, आणि ती तुम्हाला सर्वांत जड जाणार आहे. पोराला समोर बसायला माणूस लागतो. मित्र दहा मिनिटांत कंटाळतात. म्हणून ते तुमच्याकडं येईल, आणि तुम्ही म्हणाल, "आमचा कसला फोटो काढतोस, कामाच्या कपड्यात?" बसा. कामाच्या कपड्यातच बसा. हात मांडीवर घट्ट ठेवून ताठ बसू नका. हातात काहीतरी द्यायला सांगा, शेंगा फोडायला, लसूण सोलायला, म्हणजे चेहरा आपोआप सैल पडतो. पोरगं वीस वेळा मान वळवायला लावेल. वळवा.

कारण आपल्या भिंती बघा. दसऱ्यानंतर आपल्या तालुक्यातून किती घरं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मागं राहतात म्हातारी माणसं. त्यांच्यापैकी किती जणांचा धड एक फोटो घरात आहे? आधार कार्डावरचा आहे, जो बघून स्वतःचीच ओळख पटत नाही. माणूस गेलं की धावपळ सुरू होते. कुठलं तरी लग्न, कोपऱ्यात अर्धा आलेला चेहरा, किंवा तो आधारचाच अंगठ्याएवढा फोटो. स्टुडिओवाला तो मोठा करतो, डोळे पुसट होतात, आणि जन्मभर बंडी-धोतर घातलेल्या माणसाच्या गळ्याखाली संगणकातला काळा कोट नि टाय येतो. मग त्याला हार. आपल्या कितीतरी आजोबांनी असा कोट मेल्यावरच घातला. आजी-आजोबा आहेत तोवर त्यांना दारातल्या उजेडात बसवा. तक्ता तुम्ही धरा, फोटो पोर काढेल. आजी पदर सारखा करेल, डोक्यावर घेईल, पुन्हा नीट करेल. करू द्या, मधला एखादा फोटो सर्वांत चांगला निघतो. आजोबांचं धोतर चौकटीवर आहे म्हणून ते कुरकुरले, तर तो कुरकुरतानाचा चेहराही काढून घ्या.

निघालेल्यातले चार फोटो कागदावर छापून घ्या, मोबाइल पाण्यात पडतात. मॅट कागदावर घ्यावेत, चकचकीतवर बोटांचे ठसे उठतात. मागं नाव, गाव, तारीख पेन्सिलीनं लिहा. बॉलपेन दाबून लिहिलं की पुढं वळ उठतात. आणि तारखेखाली फोटो कुणी काढला नि चादर कुणी धरली, दोघांचीही नावं लिहा.